बारा बोअर, एक जलधर: टंचाईच्या सहा महिन्यांच्या नोंदी

१२ जानेवारी

आजपासून प्रादेशिक पाणीपुरवठा योजनेचं काम माझ्याकडं. एकाच जलधरावरच्या, म्हणजे जमिनीखालच्या पाणी धरणाऱ्या एकाच खडकावरच्या बारा बोअर, अकरा वस्त्या, रोजचा उपसा साधारण २,९०० घनमीटर. सलग दोन पावसाळे कोरडे गेलेत. चार्ज घेताना हातात आलं ते एक कपाट, दोन साउंडर (पाण्याला लागली की बझर वाजवणारी मोजटेप) आणि पाणीपातळीची वही. एका साउंडरची टेप तुटून पुन्हा जोडलेली आहे. जोडताना किती कापली ते कुणी लिहून ठेवलेलं नाही, म्हणून तो बाद.

वही वाचून धडकी भरते. ऑक्टोबरअखेरपासून आतापर्यंत बोअर ५ ची पातळी ३.१ मीटर उतरली आहे, बाकीच्यांची रड तीच. हाच वेग राहिला तर एप्रिलमध्ये निम्मे पंप हवा ओढायला लागतील. मागच्या बैठकीत हा तक्ता फिरला आणि लगोलग टँकरची आणि नव्या बोअरची मागणी झाली.

मला एक गोष्ट खटकते. नोव्हेंबरभर उतार जेमतेम आहे आणि डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात एकदम धाडकन. एखाद-दुसऱ्या बोअरचं असं होऊ शकतं. बाराच्या बारा एकाच आठवड्यात कशा उतरतील?

१५ जानेवारी

ऑपरेटरबरोबर फिरलो. पोरगा हुशार आहे, डिसेंबरपासून कामावर. बोअर ५ वर त्यानं स्टार्टर पाडला, टोपीचा बोल्ट काढला, टेप सोडली. बझर वाजला. "साहेब, लिहा." मी घड्याळ पाहिलं. पंप बंद होऊन नऊ मिनिटं झाली होती.

रोज असंच घेतोस का, विचारलं. म्हणाला, "हो, फेरी दुपारची असते ना. आधीचे काका पहाटे घ्यायचे म्हणे, पंप सुरू करायच्या आधी. मला कुणी बोललं नाही."

त्याचा दोष नाही. वहीत पातळीचा रकाना आहे, पंप कधी बंद केला याचा नाही. म्हणजे नोव्हेंबरपर्यंत स्थिर पातळी आणि डिसेंबरपासून अर्धवट सावरलेली पातळी, दोन्ही एकाच रकान्यात, एकाखाली एक.

१७ जानेवारी

काल आणि आज बोअर ५ वर चोवीस तासांची उपसा चाचणी. विसर्ग ताशी २० घनमीटर. पहिली दहा मिनिटं दर मिनिटाला नोंद, मग अंतर वाढवत नेलं. आलेख काढताना वेळ लॉग पट्टीवर घेतला की रेघ सरळ येते, हे कूपर आणि जेकब या भूजलतज्ज्ञांनी १९४६ मध्ये दाखवलेलं. आमची रेघही सरळ आली. वेळ दहापट झाला की पातळी १.२ मीटर उतरते, मग तो १० ते १०० मिनिटांचा टप्पा असो की १०० ते १,००० चा. यावरून पारगम्यता गुणिले जाडी, म्हणजे खडकातून पाणी किती सहज वाहतं त्याचं माप, दिवसाला ७३ चौरस मीटर. वाईट नाही.

पण मला खरं हवं होतं ते उलट्या बाजूचं गणित, म्हणजे पंप थांबल्यावर पातळी किती वेळात वर येते. सोळा तास उपसा करून दहा मिनिटं थांबलं तर मूळ पातळीपेक्षा सुमारे २.४ मीटर घट शिल्लक राहते. आठ तास थांबलं तर ०.६ मीटर. फरक १.८ मीटर.

वहीतली घट ३.१ होती. त्यातली १.८ ही नुसती मोजायची वेळ बदलल्यामुळं. खरी घट १.३ मीटर.

हे सांगायचं कसं, हा वेगळाच प्रश्न आहे. "आकडा चुकला" म्हटलं की लोक "दुष्काळच नाही" असं ऐकतात. दोन-अडीच महिन्यांत १.३ मीटर हे सुद्धा वाईटच आहे. शिवाय आता थंडी आहे, उन्हाळा पुढंच आहे.

नवी वही सुरू केली. रकाने: तारीख, वेळ, पंप किती तास बंद, शेजारचा पंप चालू की बंद, पातळी, कुठल्या खुणेपासून मोजली. शेवटचा रकाना लोकांना फालतू वाटतो. केसिंगची (बोअरच्या तोंडाच्या पाइपाची) कड आणि जमीन यांत आमच्याकडं कुठं ४० सेंटिमीटरचा फरक आहे, कुठं ७० चा.

२३ जानेवारी

कुठल्या एका विहिरीवरून अख्ख्या योजनेचे निर्णय घ्यायचे ते ठरवलं: नि-२, म्हणजे निरीक्षण विहीर क्रमांक दोन. जुनी, कधीच पंप न बसलेली बोअर, साधारण मध्यावर. आजची पातळी जमिनीखाली १६.४ मीटर.

समितीत विरोध झालाच. एका विहिरीवर सगळ्यांचं पाणी ठरवायचं? मी टेक्सासचं उदाहरण दिलं. तिथल्या एडवर्ड्स जलधरावर सॅन अँटोनियो शहर जगतं. तिथं जे-१७ नावाची विहीर आणि दोन झऱ्यांचा प्रवाह यांवर कपात ठरते. जे-१७ ची दहा दिवसांची सरासरी समुद्रसपाटीपासून ६६० फुटांच्या खाली गेली की परवान्याच्या उपशात २० टक्के कपात, ६५० ला ३०, ६४० ला ३५, ६३० ला ४० आणि ६२५ ला ४४ टक्के. हे शहाणपण त्यांना उगाच सुचलं नाही. १९५६ च्या दुष्काळात तिथले कोमाल झरे काही महिने पार आटले होते, आणि प्राधिकरणाचा कायदा व्हायला त्यानंतर १९९३ उजाडलं.

आकडे तिथले उचलून चालत नाही. आमचा खडक वेगळा, पाणी भेगांत. ड्रिलिंगच्या वेळचे कागद काढून पाहिले. बहुतेक बोअरना मुख्य पाणी २३ ते २५ मीटरवरच्या एका भेगेत लागलं आहे. पातळी त्या भेगेखाली गेली की विसर्ग हळूहळू कमी होत नाही, एकदम बसतो. म्हणून टप्पे त्याच्या वर बेतले: १८ मीटरला १० टक्के कपात, २० ला २० टक्के, २१.५ ला ३५ टक्के. सगळं दहा दिवसांच्या सरासरीवर.

एक अट मी हट्टानं घातली. टप्पा आला की बैठक न घेता कपात लागू. बैठक आधीच झाली, ती आजची.

२ फेब्रुवारी

बोअर ९ कायम कुरकुरते. ताशी २४ घनमीटरनं चालवतात, चार-पाच तासांत हवा येते, मग तासभर बंद ठेवायची. आज व्हॉल्व्ह आवळत पायऱ्यापायऱ्यांनी चाचणी घेतली.

२४ ला घट १०.५ मीटर. १२ ला ३.५ मीटर. विसर्ग निम्मा केला आणि घट तिसऱ्या हिश्शावर आली. कारण घटीचे दोन भाग असतात. खडकातून पाणी येताना होणारी घट विसर्गाच्या प्रमाणात वाढते, आणि बोअरच्या तोंडाशी गर्दी करून आत शिरताना होणारी घट विसर्गाच्या वर्गाच्या प्रमाणात. या बोअरला दुसरा भाग फार मोठा आहे, बहुधा भेगेचं तोंड बुजत आलंय. कॉलम पाइपवर (पंपातून पाणी वर आणणाऱ्या पाइपवर) तांबूस बुळबुळीत थर आहे, म्हणजे लोहजीवाणू असणार.

उद्यापासून ९ वर १२ चा विसर्ग, वीस तास. पाणी सलग मिळेल, हवा येणार नाही. व्हॉल्व्ह आवळून वीज वाया जाते हे खरं, लहान पंप मिळेपर्यंत तेवढं सोसू.

ऑपरेटरला पटायला वेळ लागला. व्हॉल्व्ह आवळणं म्हणजे पाणी अडवणं, असंच डोक्यात बसलेलं असतं.

८ फेब्रुवारी

बोअर ४ आणि ५ मध्ये अंतर ६० मीटर. दोन्ही एकाच वेळी चालू असायच्या. आता पाळी लावली.

११ फेब्रुवारी

बोअर २ ची मोटर जळाली. कोरडी चालली. पॅनेल उघडलं तर ड्राय रन रिले (पाणी संपलं की पंप आपोआप बंद करणारा) तारेनं बायपास केलेला. कुणी केलं, कधी केलं, अर्थातच कुणाला माहीत नाही. बाराही पॅनेल तपासली, आणखी दोन ठिकाणी तीच तार. तिन्ही तारा काढून माझ्या टेबलावर ठेवल्यात.

१९ फेब्रुवारी

रात्रीची गळती तपासणी. मुख्य टाकीचा इनलेट एक वाजता बंद केला आणि दोन ते चार दर पंधरा मिनिटांनी टाकीतली पातळी घेतली. गार वारा, वर चढायची शिडी हलते, टॉर्च तोंडात धरून वाचन. टाकी आतून दहा मीटर व्यासाची. तासाला १७ सेंटिमीटर उतरत होती, म्हणजे १३ घनमीटरच्या वर. पहाटे अडीचला एवढं पाणी कोण वापरतंय? खरा वापर एक-दोन घनमीटर धरू. बाकी सगळं जमिनीत. दिवसा वापर वाढला की नळातला दाब घटतो, त्यामुळं सरळ चोवीसनं गुणणं चूक, तरी रोजचे अडीचशे घनमीटर कुठं गेले नाहीत. एका चांगल्या बोअरचं दिवसभराचं पाणी.

कुणी म्हणेल, मुरलं तर परत जलधरातच जातं ना? काही जातं. बरंचसं उथळ मातीत राहतं, झाडं ओढून घेतात. आणि जे पोचतं ते पुन्हा वीज जाळून वर आणायचं.

२८ फेब्रुवारी

एक-एक व्हॉल्व्ह बंद करत गळतीच्या जागा शोधल्या. सगळ्यात मोठी नाल्याखालच्या जोडात निघाली. तिथं गवत हिरवंगार होतं. अख्खा माळ करपलेला आणि तेवढाच पट्टा हिरवा, रोज त्यावरून येणं-जाणं आमचं. तीन जोड बदलले. रात्रीची उतरण आता तासाला ६ सेंटिमीटर.

३ मार्च

नि-२ ची सरासरी १८ मीटर पार. पहिला टप्पा, १० टक्के कपात. गळतीतून वाचलेल्या पाण्यात ती जवळपास बसली, लोकांना फारसं जाणवलं नाही.

पुढच्या टप्प्यात काय करायचं यावर वाद आहे. सोपा मार्ग म्हणजे दिवसाआड पाणी. मला तो आवडत नाही. नळ रिकामे झाले की आत दाब उरत नाही, उलट ओढ तयार होते, आणि गळक्या जोडातून बाहेरचं घाण पाणी आत येतं. शिवाय लोक मिळेल ते भांडं भरून ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी शिळं म्हणून ओततात. दाब कमी करून पाणी चालू ठेवता येईल तितके दिवस ठेवायचं, असं सध्या ठरलं. उंचावरच्या दोन वस्त्यांची यात गैरसोय होणार. त्यांना वेगळी वेळ द्यावी लागेल.

१४ मार्च

बोअर ७ च्या आसपासच्या शेतकऱ्यांची बैठक. वातावरण तापलेलं. एका आजोबांनी सरळ विचारलं, "तुमची बोअर आमच्या विहिरीचं पाणी ओढते की आमची विहीर तुमचं?"

मी म्हटलं, दोन्ही. कुणाचंच समाधान झालं नाही. मग म्हटलं, बघूया. दोन दिवस आम्ही ७ बंद ठेवतो, तुम्हीही पंप बंद ठेवा. तुमच्या विहिरीत तुम्हीच मोजा.

१७ मार्च

आजोबांच्या विहिरीत सत्तर पायऱ्या उतरून गेलो. आमच्या बोअरपासून विहीर ७० मीटरवर. खालच्या दगडावर त्यांनी खडूनं पाण्याच्या रेषेवर खूण केली, बाजूला वेळ लिहिली. दर चार तासांनी नातू उतरून बघायचा. सोमवारी दुपारच्या खुणा आज पाण्याखाली होत्या, खडू भिजून पांढुरका ढग दिसत होता. चाळीस तासांत पाणी ११ सेंटिमीटर चढलं होतं.

मग त्यांचा पंप सहा तास लावला, आमची ७ बंदच. आमच्या बोअरमध्ये पातळी ३० सेंटिमीटर उतरली. हे मोजायला नातवालाच टेप दिली.

त्यानंतरची बैठक अर्ध्या तासात संपली. ठरलं ते असं: दिवसा सहा तास त्यांचे पंप, तेव्हा आमच्या ७ आणि ८ बंद. रात्री आम्ही. उन्हाळी पेरा निम्मा. या पट्ट्यात नवी बोअर नाही, आमचीही नाही. शेवटचं कलम त्यांनी घातलं, मला आधी सुचायला हवं होतं.

२९ मार्च

बोअर ११ च्या पाण्याची चव बदलल्याची तक्रार. विद्युतवाहकता, म्हणजे पाण्यात किती क्षार विरघळलेत त्याचं माप, जानेवारीत ९०० होती, आज १,६५० मायक्रोसीमेन्स. फ्लोराइड लिटरला २.४ मिलिग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा १.५ आहे. वरचं ताजं पाणी संपलं की पंप खालचं, खडकात वर्षानुवर्षं मुरलेलं पाणी ओढतो. त्यात विरघळलेलं सगळं जास्त.

एका वस्तीत निरोप गेलाय की उकळून प्या. हा निरोप ताबडतोब थांबवायला हवा. उकळून जंतू मरतात, फ्लोराइड जात नाही. पाणी आटतं त्या प्रमाणात ते उलट दाट होतं.

११ पूर्ण बंद करणं परवडत नाही. तिचा विसर्ग ताशी ८ वर आणला आणि बोअर १० च्या २० घनमीटरमध्ये, ज्यात फ्लोराइड ०.६ आहे, टाकीआधीच मिसळला. हिशेबानं १.१ येतं. प्रयोगशाळेचा आकडाही तेवढाच आला. १० कधी बंद पडली तर ११ आपोआप बंद व्हावी, अशी वायरिंग करून घेतली. माणसाच्या लक्षात राहण्यावर हे सोडायचं नाही.

९ एप्रिल

खोल बोअरची मागणी पुन्हा. दोनशे मीटर मारा म्हणतात. इथल्या खडकात खाली जाऊ तशा भेगा कमी होत जातात. लागलंच तर ११ सारखं पाणी लागणार. माझं उत्तर लेखी दिलं.

कुणीतरी कॅलिफोर्नियातल्या सॅन वाकिन खोऱ्याचा तो प्रसिद्ध फोटो पाठवला. खांबाशेजारी माणूस उभा, आणि १९२५ ला जमीन कुठं होती ती पाटी त्याच्या डोक्याच्या कितीतरी वर. १९७७ पर्यंत जमीन जवळपास नऊ मीटर खचली. आपलंही असं होईल का, असा प्रश्न. नाही. तिथं मातीचे जाड थर आहेत, पाणी गेलं की दबतात आणि पुन्हा फुगत नाहीत. आपल्याकडं खडक आहे. आपलं नुकसान असं फोटोत दिसणार नाही.

२६ एप्रिल

२० मीटर. दुसरा टप्पा. जानेवारी-फेब्रुवारीत दिवसाला चार सेंटिमीटरच्या वर उतरत होतं, मार्च-एप्रिलमध्ये ३.७. ऊन वाढूनही वेग घटला, एवढंच आजचं चांगलं.

१८ मे

२०.७. बोअर ३ आणि ७ रात्री दोननंतर हवा मारतात. विसर्ग आणखी आवळला. उंचावरच्या दोन वस्त्यांना टँकर सुरू. तिथल्या बायका भेटायला आल्या होत्या. भांडल्या नाहीत, फक्त म्हणाल्या की टँकरची वेळ सांगा आणि पाळा. बरोबर आहे त्यांचं. आजपासून वेळ फळ्यावर.

६ जून

पहिला पाऊस, ३८ मिलिमीटर. दुपारी ऑपरेटरचा फोन, आनंदात: बोअर ३ चं पाणी दोन तासांत ४० सेंटिमीटर चढलं!

मी गाडी काढली. नि-२ हललेली नाही, शेजारची ४ हललेली नाही, आणि ३ एकटीच चढते? जाऊन बघितलं तर केसिंगभोवतीचा सिमेंटचा ओटा तडकलेला, आणि तिथून डबक्याचं पाणी थेट आत. नमुना गढूळ. बोअर बंद, क्लोरीन सोडलं, ओटा फोडून नव्यानं. जिवाणू तपासणी लागोपाठ दोनदा स्वच्छ येईपर्यंत जोडायची नाही.

पोराचा चेहरा पडला. मी त्याला म्हटलं, तू लगेच फोन केलास हे चांगलं झालं.

१४ जून

नि-२ ची सरासरी २१.५ पार. तिसरा टप्पा, ३५ टक्के. बाहेर पाऊस पडतोय.

सकाळपासून फोन थांबत नाही. "पाऊस पडतोय आणि तुम्ही कपात वाढवता?" समितीतल्या एकानं जानेवारीतला ठराव मागवून घेतला आणि वाचून परत पाठवला. त्यावर सही त्याचीच होती.

पाऊस आधी मातीला लागतो. दोन वर्षं भाजलेली माती स्वतःची तहान भागवल्याशिवाय खाली थेंब सोडत नाही. खड्डा खणून पाहिला: ओल ४५ सेंटिमीटरवर, त्याखाली भुसभुशीत कोरडं.

२ जुलै

२१.७८. ओल १.३ मीटरवर. चार दिवस पातळी जागच्या जागी.

८ जुलै

२१.७४. चार सेंटिमीटर वर. पंप न बसलेली विहीर आहे, ओटा पक्का आहे, पाणी नितळ आहे. टेप तीनदा सोडली, तिन्ही वेळा तेच.

आमच्या खडकात दर घनमीटरमागं हाती लागणारं पाणी साधारण दोन टक्के. म्हणजे एक मीटर चढायला २० मिलिमीटर मुरायला हवं. पुन्हा १८ ला पोचायचं तर ७५ मिलिमीटर, तेही आमचा उपसा भागवून वर उरलेलं. पावसाचे ७५ नव्हेत, मुरलेले.

कपात उठवायची मागणी आजच आली. पंधरा दिवस सलग सरासरी टप्प्याच्या वर राहिली की एक टप्पा मागं, असं उत्तर पाठवलं.

९ जुलै

ऑपरेटरची वही तपासली. बोअर ५, पहाटे ५:४०, पंप बंद नऊ तास, शेजारची ४ बंद. खाली त्यानं स्वतः एक ओळ जोडली आहे: "रात्री एकला वीज गेली होती, ४ तेव्हापासून बंद, पाळीप्रमाणे नाही." नवा रकाना हवा, विजेचा.

बोअर ३ चा दुसरा नमुना उद्या. नि-२ च्या टोपीला कुलूप आणायचं आहे.